सांता रोसालियाची शेजारीण

मेहरुन्निसा जमादारचं माहेर हुपरीचं, सासर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं आणि मधली दहा वर्षं ग्वाटेमालातली. ग्वाटेमाला म्हटलं की माणसं विचारतात, "ते कुठं आलं?" सुरुवातीला ती हवेत बोटानं नकाशा काढून दाखवायची. वर मोठी अमेरिका, खाली दुसरी अमेरिका, आणि मधी जी चिंचोळी पट्टी हाय, तिथं. हल्ली ती नुसतं "लांब हाय" म्हणते आणि विषय सोडून देते.

तिचा नवरा मीरासाब साखर कारखान्यात पॅनमन. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद कढईत उकळत असतो, त्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडात धरायचा आणि साखरेचा दाणा कितपत धरलाय ते डोळ्यानं ओळखायचं, हे त्याचं काम. यंत्रं कितीही आली तरी या नजरेला किंमत आहे. मीरासाबच्या कारखान्यातले एक जुने साहेब ग्वाटेमालात नोकरीला गेले होते. तिथं दक्षिण किनाऱ्याला सगळा ऊसच ऊस. त्यांनी दोन हजार बाराच्या दिवाळीआधी मीरासाबला बोलावून घेतलं. फरहीन तेव्हा आठ वर्षांची होती. मेहरुन्निसाला कुणी विचारलं नाही की तुला यायचंय का. तिनंही ते बोलून दाखवलं नाही. दोन बॅगा भरल्या, त्यात तिखटाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि लाकडी परात घातली, आणि निघाली.

गावाचं नाव सांता रोसालिया. कारखान्याच्या धुराड्यापासून चालत पंधरा मिनिटांवर एक गल्ली, पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर, मागं सिमेंटचा मोठा हौद, त्यालाच लागून कपडे घासायचा दगड. गरमी एवढी की सकाळी नऊलाच पत्रा तडतडायला लागायचा. मीरासाब हंगामात बारा-बारा तास कामावर. फरहीनला शाळेत घातलं, तीही दिवसभर नाही. पहिला महिनाभर मेहरुन्निसा दारातून बाहेर पडली नाही. खिडकीचा पडदा जरा बाजूला करून रस्त्यावरची माणसं बघायची. ती माणसं येता-जाता एकमेकांना काहीतरी म्हणायची, हसायची, पुढं जायची. तिला एक अक्षर कळायचं नाही. हुपरीत तिच्या वडिलांच्या घरी चांदीचे पैंजण जोडायचं काम चालायचं. सात-आठ बायका मांडी घालून बसायच्या, हात चालायचे आणि तोंडंही चालायची. एवढ्या बोलक्या घरातली ही पोरगी, तिची वाचा जणू कुणी काढून घेतली. कपडे घासता घासता ती रडायची. तेवढं बरं होतं, पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही.

बाजरी, ज्वारी मिळायचा प्रश्नच नव्हता. दुकानातून मीरासाबनं मक्याचं पीठ आणलं. एके दिवशी सकाळी तिनं परात काढली आणि त्या पिठाची भाकरी थापायला घेतली. भाकरी काठाला फाटायला लागली. तिनं पुन्हा पीठ मळलं, पुन्हा थापली, पुन्हा फाटली. तेवढ्यात दार वाजलं.

दारात पन्नाशीची एक ठेंगणी बाई उभी. अंगावर ॲप्रन, हात पिठाचे, केसांची लांब वेणी. ती शेजारची दोन्या लिदिया. 'दोन्या' म्हणजे आपल्याकडं 'बाई' किंवा 'काकी' म्हणावं तसं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन डोंगराकडच्या शहरात. ही एकटी सकाळ, दुपार, संध्याकाळ मक्याच्या भाकऱ्या थापून विकायची. त्यांना तिकडं तोर्तिया म्हणतात. ती तावातावानं काहीतरी बोलत आत आली. पुढं भाषा यायला लागल्यावर मेहरुन्निसाला कळलं, ती काय म्हणत होती ते. हा प्रसंग मेहरुन्निसा सांगते तेव्हा लिदियाही कोल्हापुरी बोलते.

"भाकरी थापल्याचा आवाज येतोय म्हटलं. माझ्या शेजारी दुकान कुणी काढलं? माझी गिऱ्हाइकं पळवायला आलीस व्हय?"

मग तिनं परातीतला तो फाटका गोळा बघितला आणि पोट धरून हसली. मेहरुन्निसाचा हात धरून तिला आपल्या घरी घेऊन गेली. तिथं मोठ्या पातेल्यात मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घातलेला. लिदियानं त्यातला एक दाणा घेतला, बोटांनी त्याचं साल काढून दाखवलं. मेहरुन्निसाच्या लगेच लक्षात आलं. कोरडं पीठ आणून चालायचं नाही, मका असा चुन्यात उकडून ओला वाटायचा, मग तो चिकट होतो आणि भाकरी फाटत नाही. त्या दिवशी दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता, पण दुपारपर्यंत मेहरुन्निसानं चाळीसेक तोर्तिया थापल्या. परतताना लिदियानं फडक्यात बांधून दहा तिच्या हातात दिल्या.

तिथून भाषा आली. मेहरुन्निसाला घरात दखनी आणि दारात मराठी अशा दोन भाषा लहानपणापासून होत्या, तिसरी शिकायला तिला काही जड गेलं नाही. वही नाही, पुस्तक नाही. लिदियाच्या चुलीजवळ बसून, गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत ती शिकली. तिकडं माणसं रस्त्यात भेटली आणि थांबायला वेळ नसला की 'आदियोस' म्हणून पुढं जातात. एखादी नको असलेली गोष्ट सांगायची झाली की आधी 'फीहेसे के' म्हणतात. म्हणजे 'काय सांगू तुम्हाला'. नळवाला आला नाही की 'फीहेसे के', दुकानात अंडी संपली की 'फीहेसे के'. मीरासाब दहा वर्षांत कामापुरते पंचवीस शब्द शिकला. पॅनला 'ताचो', हंगामाला 'साफ्रा', असे. बाकी सगळीकडं तो बायकोला पुढं करायचा. दवाखाना, शाळा, राहण्याच्या परवान्याचं दरवर्षीचं ऑफिस, सगळीकडं मेहरुन्निसा. त्या ऑफिसातल्या बाईनं एकदा कागद परत केले तेव्हा ही इतकी भांडली की लिदिया बाहेरच्या बाकावर बसून पदराऐवजी ॲप्रन तोंडाला लावून हसत होती.

बाजारातलं मटण ही माणसं का घेत नाहीत, हे लिदियानं एकदा विचारलं. मेहरुन्निसानं सांगितलं. लिदियानं सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी सकाळी ती जिवंत कोंबडी घेऊन आली. "तुज्या नवऱ्याला सांग, तुमच्या देवाचं नाव घ्यायचं, माज्या देवाचंबी घ्यायचं. कोंबडीला काय फरक पडत न्हाय." मीरासाबनं आपल्या देवाचं नाव घेतलं. अर्धी कोंबडी लिदियाकडं गेली. मग दर शनिवारी तेच.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तिकडं सगळं गाव दफनभूमीत जातं. लिदियानं तिला नवऱ्याच्या कबरीवर नेलं. माणसं कबरी धूत होती, रंगवत होती, झेंडूची फुलं पसरत होती, डबे उघडून तिथंच जेवत होती. मेहरुन्निसाला शब-ए-बारातची रात्र आठवली. कोल्हापुरातही माणसं कबरस्तानात जातात, कबरी स्वच्छ करतात, दिवे लावतात. ती पाण्याची बादली घेऊन पुढं झाली आणि लिदियाच्या नवऱ्याची कबर तिनं आपल्या हातानं धुतली. वडील गेले तेव्हा तिला हुपरीला जाता आलं नव्हतं. त्यांच्या मातीला हात लागला नव्हता.

दोन हजार बावीस साली परतायचं ठरलं. मीरासाबचा गुडघा जिना चढू देईना आणि इकडं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. निघायच्या दिवशी लिदिया रडली नाही, उलट फरहीनला ओरडत राहिली, हे घेतलं का, ते घेतलं का. गाडी आली तेव्हा मेहरुन्निसा तिला म्हणाली, "आमच्याकडं निघताना 'जातो' म्हणत न्हाईत. 'येतो' म्हणायचं असतं."

"मग म्हण की," लिदिया म्हणाली.

तिनं म्हटलं. मराठीतच म्हटलं.

कोल्हापुरात आल्यावर माणसांना वाटलं, आता हिला बरं वाटेल. आपलं गाव, आपली माणसं. पहिले दोन महिने तिलाही तसंच वाटलं. रंकाळ्यावर जाऊन आली, हुपरीला जाऊन आली, वडिलांच्या कबरीवर फुलं वाहून आली. बहिणी विचारायच्या, "तकडं भाकरी मिळायची का गं?" ती सांगायला लागायची, मका, चुना, लिदिया. दुसऱ्या वाक्याला त्यांचं लक्ष फोनकडं जायचं. त्यांचा दोष नव्हता. जे गाव बघितलं नाही, त्याच्या गोष्टी किती ऐकणार माणूस?

सासूबाई सहा महिन्यांत गेल्या. फरहीनला पुण्यात नोकरी लागली, तीही स्पॅनिश येत होतं म्हणून. दिवसभर कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांची फोनवर उत्तरं द्यायची. आईशी बोलताना ती म्हणायची, "अम्मी, घरी तरी नको गं ती भाषा, डोकं उठतं." त्यामुळं घरात स्पॅनिश बोलायला कुणी उरलं नाही. मेहरुन्निसा भांडी घासताना एकटीच पुटपुटायची. मीरासाब बाहेरच्या खोलीतून विचारायचा, "कुणाशी बोलतीस?"

"भांड्यांशी."

काही काही शब्द तिला आठवेनासे झाले. एक दिवस कपडे घासायच्या त्या हौदाला काय म्हणतात तेच आठवेना. सकाळी अकराला सुरू झालं, दुपारी दोनला आठवलं. पिला. एवढासा शब्द. ती पायरीवर बसून राहिली. तिकडं असताना आपण कोल्हापूर विसरू अशी तिला भीती वाटायची, तेव्हा ती मनाशी पेठेतल्या दुकानांची नावं ओळीनं म्हणायची. आता सांता रोसालियाची गल्ली म्हणायला लागली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, मग निळं दार, मग न्हावी, मग लिदिया.

दर रविवारी सकाळी लिदियाचा फोन असायचा. तिकडं शनिवारची संध्याकाळ. गेल्या दिवाळीनंतर तो बंद झाला. नंबर लागेना. मेसेज पाठवला तर पोचल्याची खूण होईना. लिदियाच्या मुलीचा नंबर तिनं कधी घेतलाच नव्हता, शेजारणीच्या मुलीचा नंबर कशाला लागतोय? चार महिने गेले. मीरासाब म्हणाला, "वय झालंय त्यांचं." मेहरुन्निसानं दोन दिवस त्याला चहा करून दिला नाही.

मार्चमध्ये उदयसिंह घरी आला. शिरोलीला त्याची फौंड्री, उसाच्या गाळपाचे लोखंडी रोलर ओततात. मीरासाब त्याला जुन्या कारखान्यापासून ओळखत होता.

"चाचा, तुमची पोरगी स्पॅनिश बोलती न्हवं? ग्वाटेमालाची दोन माणसं आल्यात माज्याकडं. इंग्लिश येणारा त्यांचा साहेब मुंबईतच आजारी पडला. मोबाईलवर भाषांतर करून बगितलं. पर शॉपमधी आवाज एवढा, मोबाईलला काय ऐकूच येत न्हाय. त्यात तो म्हातारा फिटर अर्धं तोंडात बोलतोय."

"फरहीन पुण्यात हाय. तिला रजा न्हाय मिळायची," मीरासाब म्हणाला.

मेहरुन्निसा चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "मी येतो की."

उदयसिंहनं मीरासाबकडं बघितलं. मीरासाब म्हणाला, "माज्याकडं काय बगतोस? दहा वर्सं तिनंच बोलून घर चालवलंय तिथं."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघंही शिरोलीला गेले. पाहुण्यांतला एक तरुण इंजिनिअर रोहेलियो, दुसरा साठीचा फिटर, चेपे नावाचा; बाईला 'दोन्या' तसं पुरुषाला तिकडं 'दोन' म्हणतात, म्हणून सगळे त्याला 'दोन चेपे' म्हणत. मेहरुन्निसा बोलायला गेली आणि तोंडात मराठीच आली. तीन वर्षांत ती ही भाषा माणसाशी समोरासमोर बोलली नव्हती. मग चेपेनं रोलरवर हात फिरवून कपाळाला आठ्या घातल्या आणि काहीतरी पुटपुटला. तिला ते स्वच्छ कळलं.

"ह्यो म्हणतोय खाचा लई गुळगुळीत हायत. ऊस सटकंल म्हणतोय."

मीरासाब लंगडत पुढं आला. खाचा अशा का ठेवल्यात, वरून वेल्डिंगचे दाणे कसे टाकणार, हे त्यानं बायकोला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं ते तिकडच्या भाषेत केलं. वेल्डिंगच्या दाण्याला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मीठ भुरभुरल्यावर तव्यावर जसं खरखरीत लागतं ना हाताला, तसं करणार आहेत. चेपे तिच्याकडं बघत राहिला आणि मोठ्यानं हसला. मग असंच चाललं. दोन दिवस. मशीनचं ज्ञान मीरासाबचं, बोलणं तिचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण एका कामाला दोघं असे कधी बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवताना चेपे म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलात कुठं? बोलता तर आमच्या किनाऱ्याकडच्या भाकरीवाल्या बायकांसारखं."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. तिनं विचारलं, "सांता रोसालियाला जाता का कधी?"

"माझी मेहुणी राहते तिथं."

मग तिनं सगळं सांगितलं. गल्ली, औषधाचं दुकान, निळं दार, न्हावी. चेपेनं खिशातून पेन काढलं आणि फौंड्रीच्याच एका कागदाच्या मागं लिहून घेतलं. उदयसिंहला वाटलं, रोलरचंच काही चाललंय. तो मधे मधे मान डोलवत होता.

अठरा दिवसांनी चेपेचा आवाजी निरोप आला. सुरुवातीलाच तो म्हणाला, "फीहेसे के, दोन्या मेरू..." (तिकडं तिचं नाव एवढंच उरलं होतं) आणि तिनं फोन बाजूला ठेवला. पुढचं ऐकायचं धाडस होईना. मीरासाबनं तो उचलून तिच्या कानाशी धरला.

लिदिया गेली नव्हती. पावसात तिच्या घराचं छप्पर उडालं, फोन भिजून गेला, मुलगी येऊन तिला डोंगराकडच्या शहरात घेऊन गेली. गल्लीत आता तिच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तब्येत ठीक आहे. फक्त कान गेलेत. दोन्ही. निरोपाच्या शेवटी चेपेनं लिदियाच्या नातीचा नंबर सांगितला होता.

आता रविवारी सकाळी नात फोन धरते. पडद्यावर लिदिया दिसते, बारीक झालेली, अंगात लोकरीचा स्वेटर, कारण ते शहर थंड आहे आणि तिला थंडी सोसत नाही. तिला मेहरुन्निसाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती स्वतःच बोलत राहते, वीस-वीस मिनिटं. सुनेच्या हातची भाकरी, म्हणजे मुलीच्या सुनेच्या, कशी जाड असते. इथं शेजारी कुणी दार उघडत नाही. आपल्या गल्लीत उकडायचं, पण माणसं होती. मेहरुन्निसा मान हलवते, मधे मधे उत्तरंही देते. ती उत्तरं लिदियापर्यंत पोचत नाहीत हे तिला माहीत असतं, तरी देते. कधी कधी नात एखादं वाक्य पाटीवर लिहून आजीला दाखवते. पण पाटीवर मावेल असं फार थोडं असतं.

उदयसिंह आता तिला आठवड्यातून दोनदा बोलावतो. ग्वाटेमालाची, होंडुरासची पत्रं येतात, फोन येतात. नोव्हेंबरात त्याची माणसं रोलर बसवायला तिकडं जाणार आहेत, तीन आठवडे. "चाची, तुमी चला. तुमच्याशिवाय जमायचं न्हाय," तो म्हणाला. मीरासाबच्या गुडघ्यानं त्याला जाता येणार नाही. मेहरुन्निसानं आजवर एकटीनं पुण्यापलीकडं प्रवास केलेला नाही. पाचव्या दिवशी तिनं पासपोर्ट काढून बघितला. मुदत संपून तीन वर्षं होत आली होती.

गेल्या आठवड्यात नव्या पासपोर्टच्या चौकशीला एक पोलीस घरी आले. मध्यमवयीन, घामाघूम झालेले. पाणी प्यायले, कागद चाळले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कुठं जाणार म्हणालात?"

"ग्वाटेमाला."

"तिकडं कोन हाय तुमचं?"

"शेजारीण हाय."

त्यांनी मान वर केली. "शेजारीण इथं असती वो ताई. नात्यातलं कोन हाय का?"

मेहरुन्निसानं जरा विचार केला. "न्हाय," ती म्हणाली, "नात्यातलं कुणी न्हाय."

त्यांनी तसं लिहिलं, तिची सही घेतली आणि गाडीला किक मारून गेले. पासपोर्ट येईल म्हणतात. मग दिल्लीहून व्हिसा यायचा आहे, तो मिळेल की नाही हे कुणाला सांगता येत नाही. तोवर तिनं हुपरीला भावाकडं पैंजणाचा एक जोड करायला टाकलाय. घुंगरांचा आवाज लिदियाला ऐकू जायचा नाही, म्हणून घुंगरू न लावता, नुसता जाड साखळीचा. भावानं माप विचारलं तर ते तिनं लिदियाचे पाय डोळ्यासमोर आणूनच सांगितलं. थोडं सैल कर म्हणाली, तिचे पाय संध्याकाळी सुजतात.